मागचा बिंदू

"तिघांनीही तुम्हाला चांगला माणूस म्हटलं," मॅडम म्हणाल्या, "पण तुम्ही नेमकं काय काम करता, हे तिघांपैकी एकालाही सांगता आलं नाही."

एवढंच म्हणाल्या. आवाज चढवला नाही, टोमणा मारल्यासारखा चेहरा केला नाही. हवापाण्याचं बोलावं तसं बोलून त्यांनी समोरची फाइल मिटली. आणि त्याला टेबलावरच्या कपातला चहा तिरका दिसला. कप सरळ, टेबल सरळ, आणि आतला चहा एका बाजूला कलंडलेला. असं होणं शक्य नव्हतं. भांडं कसंही धरा, पाणी सपाटच राहतं. त्याच्या सगळ्या धंद्याचा पायाच तो. त्याने डावा डोळा मिटून पुन्हा पाहिलं, तेव्हा चहा सपाट झाला. मॅडमना वाटलं असणार, हा माणूस भर ऑफिसात आपल्याला डोळा मारतोय. त्याने घाईघाईने रुमाल काढला आणि डोळ्यात काहीतरी गेल्याचं नाटक केलं.

मामला असा होता. शहराच्या जुन्या वस्तीखालून बोगदा जाणार होता, आणि तो खणला जात असताना वरची घरं खचतायत का, हे रोज मोजून सांगणारा एक सर्व्हेअर बोगद्याच्या कंपनीला हवा होता. घर केसभर खाली गेलं तरी त्याला कळलं पाहिजे, आणि कळलेलं त्याने न दडवता सांगितलं पाहिजे. मॅडम या कामाच्या मुख्य इंजिनिअर. हे काम मिळालं तर त्याचं ऑफिस चालू राहणार होतं, नाही तर महिनाअखेरीस टाळं. मधे तिसरी वाट नव्हती. ऑफिसातली माणसं एकेक करून सोडून गेली होती. राहिला होता तो, एक संगणक, आणि दाराबाहेरची पितळी पाटी. आपल्याबद्दल चार चांगले शब्द सांगतील अशी तीन नावं त्याने मॅडमना दिली होती, आणि तिन्ही वजनदार होती. एकाबरोबर तो परदेशी पाहुण्यांच्या जेवणाला बसला होता, एकाच्या मुलाच्या लग्नात पहिल्या रांगेत होता, तिसऱ्याची तर दर रविवारी फिरायला जाताना गाठ पडायची. तिघांनी शब्द राखला होता. चांगला माणूस, हसतमुख माणूस, कधीही भेटा, ओळख दाखवणारा माणूस.

"ओळखी मला नकोत," मॅडम म्हणाल्या. "ओळखी सगळ्यांच्याच असतात. मला एक माणूस द्या, ज्याच्यासमोर तुम्ही काम केलंय. तुमचं चुकलेलं ज्याने पाहिलंय. मी आजच बोलेन त्याच्याशी. संध्याकाळपर्यंत नाव पक्कं करायचंय."

त्याने तोंड उघडलं आणि आपण काय बोलतोय हे कळायच्या आत तो ज्याला खांब म्हणायचा त्याचं नाव सांगून टाकलं. खरं नाव, आडनावासकट. नंबरही सांगितला, तोही फोन न काढता, तोंडपाठ. खिशातल्या फोनमध्ये हजारो नंबर होते आणि त्यातला स्वतःच्या बायकोचासुद्धा त्याला धड येत नव्हता. हा मात्र शाळेतल्या पाढ्यासारखा जिभेवरून घरंगळला. मॅडमनी लिहून घेतला. "कोण आहेत हे?" त्यांनी विचारलं. "माझा जोडीदार," तो म्हणाला, आणि हा शब्द आपण किती वर्षांनी उच्चारला असं त्याच्या मनात आलं.

लिफ्टमध्ये त्याच्या लक्षात आलं, आपण काय करून बसलो ते. खांबाशी तो किती वर्षांत बोलला नव्हता? भांडण झालं असतं तर तारीख तरी आठवली असती. भांडण झालंच नव्हतं. काहीच झालं नव्हतं, तेच तर झालं होतं. लिफ्ट खाली जात होती, पोटात नेहमीसारखं हलकं वाटत होतं, आणि आरशातला सुटातला माणूस त्याच्याकडे व्हिजिटिंग कार्ड मागितल्यासारखा बघत होता. मॅडमच्या आधी आपला फोन गेला पाहिजे. त्याने रस्त्यावर येऊन नंबर लावला, एक घंटी वाजू दिली आणि कापला. पहिलं वाक्य काय बोलायचं? अरे, कसा आहेस? कसा आहेस म्हणून विचारायचं, आणि उत्तर ऐकून घ्यायला वेळ नाही; कारण त्याआधी सांगायचंय की एका बाईंचा फोन येईल, माझ्याबद्दल जरा बरं बोल. एवढं निर्लज्ज वाक्य तो अनोळखी माणसाशी सहज बोलला असता. रोजच बोलत होता. खांबाशी बोलायला जीभ उचलेना.

तो चालत राहिला. गाडी ऑफिसच्या तळघरात होती, ती तिथेच राहिली. खांब पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात होता, संध्याकाळी घरी येणार. तोवर दुपार काढायची होती. कधी काळी अशा सगळ्या दुपारी त्याने उन्हात उभं राहून काढल्या होत्या, आज मात्र पदपथ तापला तर बुटातून पाय भाजायला लागले. दुकानांच्या पाट्या, खिडक्यांच्या कडा, बसथांब्याचं छप्पर, सगळ्या आडव्या रेघा तो जुन्या खोडीने तपासत होता आणि आज सगळ्याच जरा जरा घसरलेल्या दिसत होत्या. पायाखालची जमीन सरकते असं लोक म्हणतात. सरकली तर नेमकी किती, ते सांगायचा त्याचा धंदा होता. आत्ता विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. एका काचेच्या दारावर त्याला आपलंच तोंड दिसलं: हसत होतं. कुणी बघत नसताना, कशाचंच हसू येत नसताना, ओठांनी आपला धंदा सुरू ठेवला होता.

या हसण्यावर त्याने मेहनत घेतली होती. धंद्यातल्या नव्या पोरांना तो भाषणं द्यायचा, ओळखी कशा वाढवाव्यात यावर. हॉल भरायचे. "रोज एक नवा माणूस," तो सांगायचा. "जुने कुठे जात नाहीत. ते असतातच. तुम्ही पुढचं बघा." टाळ्या पडायच्या. रोज सकाळी चहाबरोबर तो फोन घेऊन बसायचा आणि अंगठ्याने खाली खाली सरकत जायचा. कुणाच्या वाढदिवसाला केकचं चित्र, कुणाच्या बढतीला फूल, कुणाच्या घरात काही वाईट घडलं असेल तर जोडलेले हात. चहा निवायच्या आत शंभरएक माणसांशी त्याचे संबंध ताजे व्हायचे. बायको समोरून जायची यायची. लग्नाला नवीन असताना ती म्हणायची, काय एवढं टिपत असतोस कोंबड्यासारखं? पुढेपुढे तिने म्हणायचं सोडलं. घरात दोघंच, मुलगी लांब नोकरीला. आणि दोघांतलं एक जण सकाळभर जगाची ख्यालीखुशाली विचारत असायचं.

ते दोघं मात्र, तो आणि खांब, ते एकमेकांना ख्यालीखुशाली विचारतच नसत. विचारायचं काय? दिवसभर समोरासमोर. पहिल्या नोकरीत कंपनीने दोघांची जोडी लावून दिली, दोघंही नुकते शिकून बाहेर पडलेले, दोघांच्याही कागदावरचे गुण सारखेच. पण पहिल्याच आठवड्यात कळलं, की ह्याचा डोळा पक्का आणि खांबाचा हात. म्हणून हा दुर्बिणीपाशी आणि तो पलीकडे पट्टी धरून. कालव्याचं काम होतं. माळावर तिपाई रोवायची, तिच्यावर दुर्बीण सपाट बसवायची, लांबवर दुसऱ्याने आकडे रंगवलेली उंच पट्टी सरळ उभी धरायची, आणि ह्याने डोळा लावून आकडा वाचायचा. जमिनीचा चढउतार त्यातून कळतो. मधे इतकं अंतर की हाक पोचत नाही. बोलायचं ते हातांनी. एक हात डोक्यावर सरळ उभा: थांब, हलू नको, मी वाचतोय. दोन्ही हात बाजूला पसरून खाली: झालं, उचल. या दोन खुणांवर त्यांनी मैलोन् मैल जमीन मोजली. आणि सगळ्यात नाजूक क्षण असायचा तो दुर्बीण पुढे न्यायचा. दुर्बीण उचलून पुढे नेली, की नव्या जागेवरून आधी वळून मागच्या बिंदूवरची पट्टी वाचायची. पुढचं सगळं मोजमाप त्या मागच्या बिंदूला बांधलेलं असतं. म्हणून दुर्बीण पुढे जाईपर्यंत, रोवली जाईपर्यंत, वळून पाहिलं जाईपर्यंत पट्टीवाल्याने जागचं हलायचं नाही. तो हलला की सकाळपासूनचं सगळं गेलं पाण्यात.

खांब हे नाव त्यातूनच पडलं. पाडलं ह्यानेच. दुर्बीण घेऊन हा पुढे निघाला होता, तिपाई खांद्यावर, आणि कालव्याच्या कडेने एका ठेकेदाराची गाडी आली. चला की साहेब, चहा घेऊ, आमच्या मोठ्या साहेबांशी ओळख करून देतो. मोठे साहेब! हा गाडीत बसला. तिपाई मागच्या सीटवर टाकली. चहा झाला, मोठे साहेब भेटले, जेवायचा आग्रह झाला, विनोद झाले. माणसं आपल्याला ऐकतात, हसतात, आपण बोललो की मान डोलावतात हे त्याला त्या दिवशी प्रथम कळलं, आणि दारू चढावी तसं ते चढलं. ऊन कलल्यावर परत येताना गाडीतूनच त्याला माळावर काहीतरी उभं दिसलं. त्याला खरोखरच वाटलं, विजेचा खांब असावा. जवळ गेला तर पट्टी ओळंब्यात, अगदी सरळ उभी धरून जोडीदार उभा. ओठ फुटलेले, मान भाजून लाल. पायाखाली सैल मातीतला एक दगड, पाय काढला असता तर हलला असता असा.

"अरे, गेला का नाहीस?"

"खूण कुठे दिलीस?"

यात राग नव्हता. खूण मिळाली नाही म्हणून हललो नाही, इतका साधा हिशेब. ह्याने तिपाई रोवली, वळून आकडा वाचला, आणि सकाळचा सगळा हिशेब त्याच्याशी असा जुळला की अंगावर काटा आला. मग मात्र दोघं पोट धरून हसले. जेवणखाण वहिनींचं असायचं, खांबाच्या बायकोचं. ती दोघांचा मिळून एकच मोठा डबा भरायची आणि झाकणावर कागद चिकटवायची: भांडू नका. त्या दिवशी अख्खा डबा खांबाच्या पिशवीत तसाच होता. तू नव्हतास म्हणून उघडला नाही, म्हणाला. पुढे कितीतरी वर्षं मेजवान्यांत त्याने हा किस्सा रंगवून सांगितला. लोक हसून हसून बेजार व्हायचे, आणि किश्शातला माळावरचा माणूस दर वेळी थोडा जास्त बावळट होत गेला. त्याला स्वतःचं पहिलं काम मिळालं ते त्याच ठेकेदाराकडून. नोकरी सोडताना त्याने खांबाला सांगितलं होतं, "तू सध्या इथंच थांब. बस्तान बसलं की बोलावतो." वहिनी दारात उभ्या होत्या. "नक्की बोलावणार ना ह्यांना?" त्यांनी विचारलं. "नक्की म्हणजे काय वहिनी! त्याच्याशिवाय मला वाचता तरी येतं का?" बस्तान बसलं. मग आणखी बसलं. मग ते बसलंय हे लोकांना दिसत राहावं म्हणून इतकं पळावं लागलं की वळून बघायला उसंत नव्हती. खांब त्या कंपनीत थांबला, ती बंद पडेपर्यंत थांबला. शेवटी कुठल्याशा वशिल्याने पाणीपुरवठ्यात चिकटला, असं कानावर आलं होतं. वशिला ह्याचा नव्हता.

खांबाची इमारत त्याला सापडायला वेळ लागला. आधी त्या रस्त्याला ही एकच होती. आता दोन्ही बाजूंनी उंच इमारती चढल्या होत्या आणि मधली ही, दोन मजल्यांची, दोन दांडगटांच्या मधे बाकावर चेंगरून बसलेल्या पोरासारखी. जिना तोच. पायऱ्यांच्या कडा झिजल्या होत्या. दुसऱ्या मजल्यावर येईतो त्याने तीन वेगवेगळी पहिली वाक्यं जुळवली आणि दार उघडलं तेव्हा तिन्ही विसरला.

"ये," खांब म्हणाला.

दचकला नाही, मिठी मारली नाही, इतक्या वर्षांनी रे, असंही म्हणाला नाही. अंगाने उतरला होता. शर्ट त्याचाच, पण आता थोरल्या भावाचा घातल्यासारखा वाटत होता. मात्र उभा तसाच, ओळंब्यात. खोलीत दोन खुर्च्या होत्या, त्यातल्या एकीवर घड्या घातलेले कपडे. ते उचलून त्याने पलंगावर ठेवले. ह्याचे डोळे सवयीने भिंतीवरून फिरले आणि एका आडव्या नळीवर थांबले. पलंगापासून निघून भिंतीच्या कडेकडेने थेट न्हाणीघराच्या दारापर्यंत गेलेली, हाताने धरता येईल अशा उंचीवर. भिंत जुनी, ठिकठिकाणी फुगलेली, पण नळी इतकी सपाट बसवलेली की बघून बरं वाटलं. दिवसभरात पहिल्यांदाच एक रेघ त्याला आडवी दिसत होती.

"वा," तो म्हणाला. बोलायला काहीतरी मिळालं याचा त्याला मनापासून आनंद झाला. "एकदम लेव्हलमध्ये आहे. तूच बसवलीस ना? हात गेला नाही रे तुझा."

"हो. मीच बसवली."

"नाही तर हल्लीची पोरं. कसलं काम नि कसलं काय." तो खुर्चीत सैलावला. हसू परत जागेवर आलं. "वहिनी दिसत नाहीत? बाहेर गेल्यात?"

खांब त्याच्याकडे बघत राहिला. त्या बघण्यात आश्चर्यही नव्हतं. पट्टीवरचा आकडा धूसर दिसला की पुन्हा एकदा नीट बघावं, तसं बघणं.

"तू हात जोडले होतेस," तो म्हणाला.

"काय?"

"फोनवर. मी कळवलं होतं सगळ्यांना. तुझे जोडलेले हात आले होते. सगळ्यांत आधी तुझेच आले."

नळीचं एक टोक पलंगाशी होतं. पलंगाच्या त्या बाजूची गादी थोडी दबलेली होती. भिंतीवर नळीच्या वरच्या बाजूला, माणूस टेकत टेकत गेला की पडतात तसे, तळहाताचे तेलकट डाग होते. पलंगाजवळ दाट आणि पुढे विरळ विरळ होत गेलेले. हे सगळं तो आल्यापासून समोर होतं. त्याने फक्त लेव्हल पाहिली होती. कुठली सकाळ ती? चहा कुठला, अंगठा कुठे होता? त्या दिवशी आणखी काय काय होतं? केक होते, फुलं होती, आणि मधे कुठेतरी हे. वाचलं असेल की नुसते काळे शब्द बघून हात आपोआप जोडले गेले असतील? त्याला काही केल्या आठवेना. आठवत नाही याचीच त्याला भीती वाटली. नुसती मरणाची बातमीच नव्हे, ती अख्खी सकाळच त्याच्या आठवणीत नव्हती.

"तुझी बायको येऊन गेली," खांब म्हणाला. "तू बाहेरगावी आहेस म्हणाली."

हे मात्र आठवलं. संध्याकाळ होती. तो फोनवर कुणाशी तरी हसत होता आणि बायको बाहेरून येऊन स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली होती, पिशवी मांडीवर तशीच, चपला पायात तशाच. मी जाऊन आले, ती म्हणाली होती. त्याने फोनवर हात ठेवून म्हटलं होतं, बरं झालं. आणि तिने ज्या नजरेने पाहिलं होतं ती आत्ता, या खोलीत, त्याच्यापर्यंत पोचली. बायको खोटं बोलली होती. त्याच्यासाठी, त्याची लाज राखायला, या माणसासमोर बसून खोटं बोलली होती, आणि घरी येऊन पुन्हा त्याबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. तिने का सांगितलं नसेल? तो स्वतःच विचारेल म्हणून थांबली असेल.

"मला..." तो म्हणाला. "अरे, मला खरंच..."

"चहा ठेवतो."

"नको. बस तू. बस ना."

खांब बसला. दोघांच्या मधे टेबल होतं, हात लांब केला तर पोचेल इतकं अंतर. माळावर याच्या शंभरपट अंतरावरून ह्याला त्याच्या चेहऱ्यावरचा घाम दिसायचा, कंटाळा कळायचा, भूक कळायची. आता काहीही कळत नव्हतं.

"त्या बाईंचा फोन आला होता दुपारी," खांब म्हणाला. "बोगद्याच्या."

म्हणजे तो कशाला आलाय ते दार उघडण्याच्या आधीच खांबाला माहीत होतं. ह्याचे कान तापले. "मी तुला आधीच सांगणार होतो," तो म्हणाला. "फोन लावला होता मी."

"एकदा वाजून बंद झाला. बघितला." खांबाने टेबलावरचा नसलेला कचरा हाताने पुसला. "बऱ्याच बोलल्या. बारकाईने विचारत होत्या. मी सांगितलं, ह्याच्याइतका पक्का डोळा मी दुसरा पाहिला नाही. पाऊस असो, ऊन असो, आकडा जुळला नाही तर हा पुन्हा पहिल्यापासून मोजायचा. एकदा रात्री साहेब लोक मागे लागले होते, एक आकडा बदल म्हणून, आठवतं? नाही बदललास. ते सांगितलं. म्हटलं, घर खचत असेल तर हा खचतंय म्हणूनच सांगेल. लिहून देऊ का, विचारलं मी. नको म्हणाल्या, पुरेसं आहे."

ह्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं. इतकं चांगलं त्याच्याबद्दल कुणीच कधी बोललं नव्हतं, आणि जे बोललं गेलं होतं ते खरोखरच तसं होतं. त्याला वाटलं, उठावं आणि टेबल ओलांडून जावं.

"मग त्यांनी विचारलं, माणूस म्हणून कसे आहेत?" खांब म्हणाला.

बाहेर कुणीतरी बादली सरकवली. पाण्याचा आवाज झाला.

"काय म्हणालास?"

"म्हटलं, कामाचं विचारलंत ते सांगितलं. माणसाचं मला सांगता यायचं नाही. ओळख नाही."

तो हे रागाने बोलला असता तर बरं झालं असतं. रागाचं काहीतरी करता येतं. रागावलेल्या माणसाचा हात धरता येतो, पाय धरता येतात, चार शिव्या खाऊन मोकळं होता येतं. खांबाने आकडा सांगितला होता. वर नाही, खाली नाही, जेवढा होता तेवढा. आणि तो बरोबर आहे हे पडताळून बघायची ह्याला गरज नव्हती.

ह्याने विचारलं, फार त्रास झाला का वहिनींना? खांब म्हणाला, झाला. कधीपासून होतं? बरंच चाललं होतं. मला एक हाक मारायचीस रे, असं ह्याच्या अगदी ओठांवर आलं आणि त्याने ते गिळलं. थांब, बोलावतो, हे कोण कुणाला म्हणालं होतं ते दोघांनाही माहीत होतं. शेवटी हाच उठला. दारात त्याचा हात सवयीने खिशाकडे गेला, कार्डाच्या खिशाकडे, आणि त्याने तो असा झटकला की खांबाने विचारलं, "काय झालं?" "काही नाही," तो म्हणाला. "येतो मी. येत जाईन." "ये," खांब म्हणाला. आल्यावर म्हणाला होता तसंच.

रस्त्यावर आला तरी पाय निघेना. समोरच्या बाजूला जाऊन तो पदपथावर उभा राहिला. अजून उजेड होता. वर दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत खांब आला, वाळलेले कपडे काढायला. दोरीवर एक मोठी चादर होती, दोन माणसांच्या पलंगाची. ती त्याने काढली, टोकं शोधली, एक टोक हनुवटीखाली दाबलं आणि दोन्ही हात फाकवून घडी जुळवायला लागला. चादर खाली लोळत होती. त्याने पुन्हा उचलली, पुन्हा टोकं शोधली. असल्या चादरीला पलीकडून धरणारं माणूस लागतं. ह्याला ते इतकं असह्य झालं की त्याने काही विचार न करता उजवा हात उचलला आणि डोक्यावर सरळ उभा धरला. थांब. हलू नको. मी आहे.

खांबाने पाहिलं. रस्त्याच्या आवाजात हाक पोचली नसती, पण खूण पोचली. तो थांबला. हनुवटीखाली चादरीचं टोक, हात फाकलेले, तसाच, जागच्या जागी, ओळंब्यात. इतक्या लांबून ह्याला त्याचा चेहरा एकाएकी स्पष्ट दिसला. खोलीत दिसला नव्हता तो चेहरा. वर जायचं, जिना चढायचा आणि ते दुसरं टोक धरायचं, बस्, एवढंच, बोलायचंसुद्धा नाही. त्याने रस्त्यात पाऊल टाकलं, आणि खिशात फोन वाजला.

मॅडमचा होता. त्याने हात खाली घेतला आणि फोन कानाला लावला. "अभिनंदन," मॅडम म्हणाल्या. "काम तुमचं. तुमच्या त्या जोडीदारांशी बोलले मी. असा माणूस पाठीशी आहे, नशीबवान आहात." हो, हो, तो म्हणाला, धन्यवाद, मनापासून धन्यवाद. "लगेच सुरू करावं लागेल," मॅडम म्हणाल्या, "पहिल्या रांगेतली घरं फार जुनी आहेत." अगदीच, तो म्हणाला, आपण उद्याच बसू, मी नकाशे घेऊन येतो. आवाजात जुना तजेला आला होता. फोनवर बोलताना तो एका जागी उभा राहू शकत नसे, कधीच राहू शकला नव्हता. बोलता बोलता पाय आपोआप चालू लागत. बाईंनी तिपायांची चौकशी केली, त्याने सांगितलं. माणसं किती लागतील विचारलं, तेही सांगितलं. एक कसलासा विनोदही केला, आणि मॅडम हसल्या. पदपथ संपला, वळण आलं, तो वळला. दुकानांचे दिवे लागत होते.

मग त्याने वळून पाहिलं. मधे इमारत आली होती. नवी, उंच, काचांची. तिच्यामागे ती दोन मजल्यांची कुठे होती ते इथून कळतसुद्धा नव्हतं.

"हॅलो?" मॅडम म्हणाल्या. "आहात ना?"

"आहे," तो म्हणाला.

दुसरी खूण द्यायची राहिली होती. आणि ती मिळेपर्यंत वर गॅलरीत तो माणूस हात फाकवून उभा असेल, अंधार पडला तरी असेल, हे साऱ्या जगात त्याच्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं.